शेअरची दिढी

आप्पा, परवा दुपारी मुरबाडला ताईच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी तुमच्या शेअरचा हिशेब लावला. तुम्ही ते विकलेत त्याला चाळीस वर्षं झाली असतील. तुम्हाला जाऊनही पंचविसाच्या वर झाली. एवढ्या वर्षांत त्या शेअरवर आपल्या घरात बोलणं पुष्कळ झालं, हिशेब मात्र कोणी केला नाही. आता तो फोनवर होतो. एक कॅल्क्युलेटर असतो. पैसे किती होते, किती वर्षं ठेवले आणि दरवर्षी किती टक्के वाढले, एवढं भरायचं. ते पैसे तिथेच राहिले असते तर आज किती झाले असते ते तो सांगतो. तेच पैसे बँकेत ठेवले असते तर किती, सोन्यात घातले असते तर किती, हेही शेजारी दाखवतो. तीन रंगांच्या तीन रेघा निघतात. चहाला उकळी यायच्या आत सगळं होतं. एवढ्याशा कामाला आम्ही चाळीस वर्षं का लावली आणि परवाच का केलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

परवा केलं, कारण सोमवारी ताई शहापूरच्या रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन हक्कसोड लिहून देणार होती. किन्हवलीच्या बाजूच्या आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुमच्यामागे आम्हा दोघांची नावं लागली आहेत. तिला तिचं नाव काढून टाकायचं होतं, काहीही न घेता. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ती एकेक काम निपटत सुटली आहे. गॅसचं नाव बदललं, बँकेत वारस लावला, दात काढले. त्याच यादीत हे.

"वकिलाशी बोललेय. सोमवारची वेळ घेतलीय. तू फक्त आधार कार्ड घेऊन ये," ती म्हणाली.

"पण का सोडतेस?"

"का म्हणजे? माझा वाटा मी कधीच खाल्लाय. आप्पांनी माझ्या नर्सिंगपायी शेअर विकले. नायतर आज कोटभर रुपये तरी झाले असते. त्यातले निम्मे तुझे होते ना रे?"

"कोट कोणी मोजले, ताई?"

"मोजायला कशाला पायजे? काकांचा बंगला दिसत नाय का तुला?"

काका म्हणजे तुमचे वजनकाट्यावरचे दोस्त. आसनगावजवळच्या त्या तारेच्या कारखान्यात तुम्ही पॅकिंगला होतात आणि ते गेटजवळच्या काट्यावर. कंपनीने कामगारांना दर्शनी किमतीला शेअर देऊ केले तेव्हा दोघांनी एकाच दिवशी घेतले. आपल्या गावात आज काकांचा दोन मजली बंगला आहे, बाहेरून हिरव्या फरशीचा, आणि सगळा गाव त्याला शेअरचा बंगला म्हणतो. काकांनी कागद जपून ठेवले म्हणून बंगला उभा राहिला आणि तुम्ही मुलीच्या शिक्षणाला विकले म्हणून आपलं घर कौलारूच राहिलं, असं गावाने परस्पर ठरवलं. गावाचं सोडा, ताईनेही तेच मानलं. बंगल्याच्या आधी ती नुसती "माझ्यामुळे शेअर गेले" म्हणायची. बंगला झाल्यावर त्याला कोटीचा आकडा चिकटला.

आम्ही हिशेब टाळत आलो त्याचं कारण एवढंच. खरोखर कोटी निघाले असते तर मग त्याचं काय करायचं? ती तिचं म्हणणं धरून बसली असती आणि मला तिला काही सांगता आलं नसतं.

मला तुमचा त्या काळातला चेहरा आठवतो. रविवार आहे. आई चुलीपुढे बसून सुकट परतते आहे आणि तुम्ही पाटावर बसून कंपनीचं पाकीट फोडता आहात. त्यात डिव्हिडंडचा कागद असे, तो बँकेत भरायचा. तुम्ही त्याला कधी डिव्हिडंड म्हटलं नाहीत. तुम्ही 'वाढ' म्हणायचात. तुमच्या लेखी तुम्ही कंपनीला बियाणं दिलेलं होतं. हे कुठून आलं ते मला पुष्कळ पुढे कळलं. तुमची आई गावात भाताचं बियाणं द्यायची. पेरणीच्या आधी कोणी एक पायली नेली की झोडणी झाल्यावर त्याने दीड पायली आणून कणगीत ओतायची. ही दिढी. पण तिचा एक नियम होता, आणि तो तुम्ही आम्हाला लहानपणी पाढ्यासारखा ऐकवलात: एका बियाला एकच दिढी. एखाद्याचं पीक बुडालं आणि त्याला त्या साली देता आलं नाही, तर पुढच्या साली त्याने आणायची ती दीड पायलीच. दिढीवर दिढी चढवायची नाही. लाजेपोटी कोणी जास्त मापून आणलं तर ती वरचं भात त्याच्याच गोणीत परत ओतायची. "तुझं फिटलंय बाबा," म्हणायची, "आता हे घेऊन मी कशाला तुझी देणेकरी होऊ?"

त्या रविवारी तुम्ही बोटांच्या पेरांवर बेरीज केलीत आणि मान वर केलीत. दोन हजार घातले होते, आजवर हातात आलेली वाढच तीन हजार झाली होती. तुम्ही म्हणालात, "फिटली. कंपनीची दिढी फिटली."

आईने कालथा न थांबवता विचारलं, "मग आता काय, जेवायला बोलावताय का कंपनीला? सुकट पुरायची नाय."

तुम्ही हसलात, पण तुमचं लक्ष त्या कागदाकडे होतं. पुढे काही दिवसांनी कागद घरात दिसेनासे झाले. मी विचारलं तेव्हा तुम्ही मला गप्प केलंत. "फिटलं की सोडायचं. धरून बसायचं नाय." बस, एवढंच. दुसऱ्या वर्षी ताई नर्सिंगला ठाण्याला गेली, हॉस्टेलची फी भरली गेली, आणि आम्ही दोन्ही गोष्टी एकाला एक जोडून टाकल्या. तुम्ही कधी त्या सोडवून दिल्या नाहीत. तुम्हाला त्या जोडल्या गेल्या आहेत हे ठाऊक तरी होतं का, कोण जाणे.

ताईच्या फोननंतर मी ठरवलं की सही व्हायच्या आधी आकडा काढायचा, मग तो काही का निघेना. आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात शेअरबाजाराचं पान सांभाळणारा एक जण आहे. त्याला आपल्या कंपनीचं नाव सांगितलं, ती पुढे कोणात विलीन झाली ते सांगितलं. त्याने जुनं काढून बघितलं आणि म्हणाला, "सगळं धरून वर्षाला बारा टक्के पकडा. फार तर तेरा. चांगली कंपनी होती, पण जादूची नव्हती." दर मिळाला. पण तुम्ही विकले केव्हा आणि हातात आले किती, ते मला माहीत नव्हतं. ते सांगू शकणारा एकच माणूस शिल्लक होता. म्हणून गेल्या रविवारी मी काकांकडे गेलो.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. बंगल्याच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत वजन किती असेल ते सांगतात. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "ये रे, पेपरवाल्या. काय छापायला आलास? मी अजून मेलो नाय." मी सरळ विचारलं, "काका, तुमचे शेअर किती होते हो?"

"कुठले शेअर?"

"कंपनीचे. हा बंगला झाला ते."

ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. "तुला पन खरं वाटतं व्हय? अरे, मी तुझ्या बापाच्या आधीच इकले. विहिरीवर इंजान बसवलं त्याच्यात."

"मग बंगला कशाचा?"

त्यांनी मान वळवून सून दारात नाही ना ते पाहिलं. "वरकस माळजमीन मोठ्या रस्त्यात गेली, तिच्या पैशाचा."

"मग शेअरचा म्हणून का सांगितलंत सगळ्यांना?"

"बहिनींनी सया दिल्या व्हत्या ना आधीच. हक्क सोडला म्हनून. रस्ता मागून आला. आता येवढे पैशे दिसले तर त्यांना काय वाटंल? शेअर म्हनलं का कोन विचारत नाय. शेअर कोनाच्या बापाला कळतात?"

"कळलं का त्यांना कधी?"

"एक गेली. धसईची हाय अजून. भाऊबीजेला येते." मग थोडं थांबून ते म्हणाले, "बंगल्यात फिरते न् म्हनते, दादा, तू शेअर धरून ठेवलेस, तुझी अक्कल मोठी."

तेवढ्यात सुनेने चहा आणला. चहा संपल्यावर त्यांनी आपणहून तुमचा विषय काढला. आप्पा, ही गोष्ट तुम्ही आम्हाला कधी सांगितली नव्हतीत. एकदा सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

"तुझा बाप येडा व्हता," काकांनी सुरुवात केली. "दिवाळीच्या आधी एक दिवस साखरेच्या पिशवीत कागद घालून हाफिसात गेला. मी संगती. सायबाच्या टेबलावर पिशवी ठेवली न् म्हनला, सायेब, तुमची दिढी फिटली, हे तुमचं तुमाला परत. सायेब म्हनला, अरे, हे कर्ज नाय, तू कंपनीचा मालक हायस. तर तुझा बाप म्हनतो, मालक? मग उद्या मला सुट्टी द्या, भात कापायचंय."

"दिली का?"

"कसली देतो! पन कागद इकायची सोय त्यानेच लावून दिली. नऊ हजार आले. तुझ्या बापाच्या तोंडचं पानी पळालं. त्याला वाटलेलं, कागद देऊन मोकळा व्हईन. ह्ये तर उलटं अंगावर आलं. आमी पोष्टात ठेवायला गेलो तर रांगेत मला म्हनतो, माझी दिढी तर मिळाली रे, आता हे वरचं कोनाचं? मी म्हनलं, तुझं. तर नाय म्हनतो. वरीसभर पोष्टात पडून व्हते. हात लावला नाय. घरात सांगितलं नाय. मंग तुझ्या ताईचा नंबर लागला नर्सिंगला. फी भरून आला तसा काट्यावर आला, ट्रकवाला खोळंबलेला, न् मला म्हनतो, सुटलो रे बाबा."

मी विचारलं, "म्हणजे शेअर विकले तेव्हा ताईच्या नर्सिंगचं काही नव्हतंच?"

"तवा ती बारावीला व्हती. निकाल बी नव्हता. कोनाला सपान पडलंय?"

निघताना त्यांनी माझा हात धरला. "रस्त्याचं ते बोलू नको हां कुठं. आता इतकी वर्षं गेली." मी मान हलवली. एसटी येईपर्यंत फाट्यावर उभा असताना माझ्या खिशात नऊ हजार हा आकडा होता, आणि त्याहून मोठं असं काहीतरी होतं जे कॅल्क्युलेटरच्या कुठल्या रकान्यात भरता येत नाही.

परवा ताईकडे पोचलो तेव्हा ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी फोन परातीशेजारी ठेवला आणि रक्कम भरली, वर्षं भरली, बारा टक्के लावले. आठ लाख सदतीस हजार. बँकेचे दोन लाखांच्याही आत, सोन्याची रेघ मध्ये कुठेतरी. ताईने चष्मा वर केला.

"एवढेच? चुकलंय काहीतरी. तेरा कर."

तेरा केले. बारा लाखांना पाच हजार कमी.

"कोट कुठंय?"

टक्क्यांच्या जागी एक लांबट पट्टी असते, तिच्यावरचा ठिपका बोटाने सरकवला की आकडा वाढतो. ताईच्या बोटांना पीठ होतं. तिने करंगळीच्या पाठीने ठिपका पुढे ढकलायला सुरुवात केली. पंधराला चोवीस लाख. मग सतरा, अठरा. एकोणीसला पंचाण्णवाच्या जवळ. वीसला एकदाचा कोटी पार झाला. "वीस टक्के, चाळीस वर्षं, एकही वर्ष न चुकता," मी म्हणालो. "असं आपल्या कंपनीत कधी झालं नाही, ताई. तो कोट फक्त या पट्टीवर आहे." ठिपका परत तेरावर आणून तिने तव्यावरची भाकरी उलटली. नोकरीची शेवटची वर्षं ती मोठी सिस्टर होती. मनातल्या मनात तिने हिशेब केला असावा, कारण म्हणाली, "एवढं तर मी शेवटच्या दीड-दोन वर्षांत कमावलं." मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

पण ती पुढे म्हणाली, "तरी पण बारा लाख गेलेच ना माझ्यापायी? त्यांच्या हातातले कागद गेले. सही मी करणारच."

म्हणजे आकड्याने काम झालंच नव्हतं. आकडा खाली आला, पण तिच्या मनात जे होतं ते तसंच राहिलं. ते बारा लाखांचं नव्हतं, बारा हजारांचं असतं तरी तितकंच जड असतं. मग मी तिला काट्यावरची गोष्ट सांगितली. रस्त्याचं सांगितलं नाही, तो बंगला शेअरचा नाही एवढंच म्हणालो. साखरेच्या पिशवीतले कागद, साहेब, सुट्टी, पोस्टातली रांग, वर्षभर कोणी हात न लावलेले नऊ हजार, आणि तिची फी भरून आल्यावर खोळंबलेल्या ट्रकसमोर उभे राहून तुम्ही जे बोललात ते. तव्यावरची भाकरी करपली. तिने ती उतरवली नाही, मीच उतरवली.

"म्हणजे फी भरली म्हणून आप्पा सुटले?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी चाळीस वर्षं अडकून बसले?"

"हो."

"मेल्यांनो, कोणी सांगाल की नाय!" ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. पिठाचा हात कपाळाला लागला. मग तुमच्यावर चिडली, चांगली दोन-तीन मिनिटं चिडली, तुम्ही समोर असल्यासारखी. "सांगायला काय जीभ झडली होती का? पगारातून दर महिन्याला पैसे पाठवत होते मी घरी, तेव्हा तरी म्हणायचं, पोरी, तुझ्यावर काही नाय माझं." तिचं बरोबरच होतं. मग तिने हात धुतले आणि माझ्यासमोर वकिलाला फोन लावला. "सोमवारचं रद्द करा. नाय, पुढची तारीख नको. सही करायचीच नाय मला. जमीन आहे ना माझी, राहू दे." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "दर भाऊबीजेला तुझं पाकीट मी परत द्यायचे ना, माझं आधीच मिळालंय म्हणून? ती सगळी पाकिटं आण आता. व्याजासकट."

"दिढी देईन," मी म्हणालो. "एकदाच."

"दिढीचं जाऊन सांग आप्पांना. मला चक्रवाढ पायजे."

आप्पा, मी स्वतः दर महिन्याला थोडे पैसे बाजारात टाकतो. ते वाढतात आणि त्या वाढीवर पुन्हा वाढ चढते, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही कागद धरून ठेवले असते तर कोणाचं वाईट झालं नसतं. आजीचा नियम शेजाऱ्यांसाठी होता. ज्याचं बी बुडालं त्याला पुढच्या साली आपल्याच दारावरून जायचं असतं, त्याने मान वर करून जावं म्हणून होता. कंपनीला कोणाच्या दारावरून जायचं नसतं. तुम्ही माणसांचा नियम कंपनीला लावलात, आणि त्यापायी चाळीस वर्षांत आठ ते बारा लाख सोडलेत. हे मी ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. स्वस्तात सुटलो." मला पटलं. गेले दोन दिवस मला झोप फार चांगली लागते आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणूनच शेवटचं लिहिता येतं आहे. त्या रस्त्यानंतर आपल्या बाजूच्या जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले आहेत. ताई जो वाटा फुकट सोडून देत होती तो आज तुमच्या शेअरच्या कितीतरी पट आहे. ती तिकडे फारशी जात नाही, तिला ते नीटसं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तिचा फोन आला त्या दिवसापासून. मी तिला "का सोडतेस" असं विचारलं, पण भाव किती आहे ते सांगितलं नाही. हिशेब लावू या म्हणालो, काकांकडे गेलो, मुरबाडला गेलो, सगळं केलं. एवढं करूनही तिने सोमवारी सही करायला पेन उचललं असतं, तर मी तिचा हात धरला असता का? धरला असता असं मला वाटतं. आता ते बघायची वेळ आली नाही, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त बरं त्याचंच वाटतं आहे.